कृष्णविवराला पर्याय

11 जानेवारी 1935 रोजी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत, ठरावीक वस्तुमानापलीकडे श्वेतबटू ताऱ्याचे आकुंचन थोपवणारा दाब उरत नाही, असे चोवीस वर्षांच्या चंद्रशेखरांनी प्रतिपादन केले, तेव्हा ताऱ्याला असले विपरीत वर्तन करू न देणारा निसर्गनियम असलाच पाहिजे, असे जणू फर्मानच एडिंग्टन यांनी सोडले. नियम सापडला नाही. तो असावा ही इच्छा मात्र टिकली. ओपेनहायमर व स्नायडर यांनी ताऱ्याच्या अखंड अवपाताचे गणित मांडले त्याच वर्षी, 1939 साली, असे पिंड प्रत्यक्षात संभवत नाहीत, असा निबंध खुद्द आइन्स्टाइन यांनी प्रसिद्ध केला.

2001 मध्ये मझुर व मोटोला यांनी कृष्णविवराला पर्याय म्हणून ‘ग्रॅव्हास्टार’ दाखल केला: प्रकाशालाही परतू न देणारे क्षितिज जिथे बनायचे तिथेच द्रव्याचे पातळ कवच, आणि आत बाहेर रेटणारी निर्वात-ऊर्जा. कल्पना सुरेख खरी. पण असे कवच ताऱ्याच्या अवपातातून घडावे कसे, याचा हिशेब अद्याप जुळलेला दिसत नाही. कसोटीचा पाया विश्वेश्वरांनी 1970 मध्येच घातला होता: डिवचलेले कृष्णविवर ठरावीक स्वरात कंप पावून झटकन शांत होते. कवच असेल तर मागाहून गुरुत्वलहरींचे प्रतिध्वनी यावेत. लायगो या गुरुत्वलहरी-वेधशाळेच्या 2015 पासूनच्या नोंदींत निर्विवाद असा एकही मिळालेला नाही.