चलचित्र-संपीडन
चलचित्राच्या फाइलीतील पुनरुक्त अथवा दृष्टीस सहसा न जाणवणारा तपशील गाळून तिचा आकार घटविण्याची प्रक्रिया. १९२० × १०८० चित्रबिंदूंच्या चौकटी सेकंदाला २५ या गतीने, प्रत्येक बिंदूस तीन बाइट देऊन, जशाच्या तशा साठविल्यास मिनिटाला सुमारे ९.३ गिगाबाइट जागा लागते. तेच चित्रण सेकंदाला ८ मेगाबिट या दराने संपीडित केले असता ६० मेगाबाइटांत मावते. फाइलीचा आकार बिटदर (सेकंदाला खर्ची पडणारे बिट) व कालावधी यांच्या गुणाकाराने ठरतो. चौकटीचे माप वाढवूनही बिटदर तोच ठेवल्यास आकार वाढत नाही, प्रत्येक बिंदूच्या वाट्याला येणारा तपशील तेवढा घटतो.

पद्धती : चौकटीचे लहान चौकोन पाडून, नासिर अहमद, टी. नटराजन व के. आर. राव यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या विविक्त कोज्या रूपांतराने त्यांतील स्थूल व सूक्ष्म घटक वेगळे केले जातात, आणि सूक्ष्म घटकांची मूल्ये ढोबळ केली जातात. दर्जाची खरी हानी होते ती येथे. लगतच्या चौकटींतील साम्य पुन्हा न नोंदता केवळ हालचाल व फरक नोंदविला जातो. म्हणूनच स्थिर दृश्य अल्प बिटदरात निभावते. परंतु शेगावहून पंढरपुरास निघालेल्या गजानन महाराजांच्या पालखीतील फडकत्या पताका आणि हलती गर्दी त्याच दरात टिपू गेल्यास चित्रावर चौकोन उमटतात. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरातील शिल्पांच्या चित्रणात होणारी हानी याहून फसवी असते : चौकोन दिसत नाहीत, पण दगडाचा पोत पुसला जाऊन कोरीव काम गुळगुळीत भासते.

रंग : प्रचलित स्वरूपांत प्रकाशमानता पूर्ण ठेवून रंगाचे नमुने बहुधा एक-चतुर्थांश ठेवतात. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हाच्यासारखे दृश्य मोबाइलवरून पुनःपुन्हा संपीडित होत फिरले, म्हणजे गुलाबी पाणी व हिरवा काठ यांच्या सीमेवर रंग एकमेकांत उतरण्याचा संभव असतो. अशा नकलेवरून रंगछटेचा निर्णय करणे अप्रशस्त होय. त्या रंगाची मीमांसा पाण्याच्या नमुन्यांवरूनच झाली, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत लवणप्रिय सूक्ष्मजीव आढळले.

मानके : एमपेग-१ (१९९३) या मानकावर आधारलेल्या व्हीसीडीत ३५२ × २८८ बिंदूंचे चित्र सेकंदाला सुमारे १.१५ मेगाबिट दराने साठवीत. तबकडीत ७४ मिनिटे मावत असल्याने पूर्ण लांबीच्या चित्रपटास दोन-तीन तबकड्या लागत. पुढे एच.२६४ (२००३) व एच.२६५ (२०१३) आली. नंतरच्या मानकात निम्म्या दरात तोच दर्जा मिळतो, हे विधान चित्रविषयानुसार कमी-अधिक खरे ठरते.

ध्वनी : संपीडन स्वतंत्र, आकारातील वाटा सामान्यतः अल्प.

जतन : दस्तऐवज म्हणून ठेवावयाच्या चित्रणाची कॅमेऱ्यातून निघालेली अस्सल फाइलच दप्तरी ठेवावी. एकदा गाळलेला तपशील पुढे बिटदर वाढवून परत मिळत नाही. फाइल मात्र मोठी होते.