दहा डासांचे दहा आणे

पलटणीचा शत्रू नेहमी समोरच उभा असतो असे नाही. एकोणिसाव्या शतकात लढाईपेक्षा ताप, हगवण आणि पटकी यांनीच जास्त शिपाई नेले. हिवतापावर कोयनेल होते. पण ताप येतो कुठून, हे ठाऊक नव्हते. दलदलीच्या दूषित हवेला दोष दिला जाई.

या कोड्याचा धागा आपल्याच निजामी मुलखात सापडला. नांदेड तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. त्याच संस्थानातल्या सिकंदराबादला इंग्रजांची मोठी छावणी होती. तिथे बेगमपेठेत एकोणिसाव्या मद्रास पायदळ पलटणीचे डॉक्टर होते रोनाल्ड रॉस. दोन वर्षे ते डास चिरून पाहत होते, पण जात चुकीची होती. अखेर ठिपकेदार पंखांचे डास हाती लागले.

१६ ऑगस्ट १८९७ रोजी हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला हे डास चावू दिले. मोबदला, डासामागे एक आणा. दहा डास, दहा आणे! २० ऑगस्टला त्यांतल्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉसना काळ्या कणांच्या पेशी दिसल्या. हिवतापाचा जंतू डासात वाढत होता. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांवर प्रयोग करून डासाच्या दंशातून हा रोग पसरतो, हे त्यांनी सिद्ध केले. १९०२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

रॉस कवीही होते. या शोधावर त्यांनी कविता लिहिली. मीही कविता लिहितो, पण माझे मन हुसेन खानापाशीच रेंगाळते. सगळ्या जगाच्या उपयोगी पडलेल्या त्या रक्ताची किंमत दहा आणे!

रोग कळला म्हणजे आवरला असे मात्र नाही. १८८३ मध्ये बंगळूरच्या छावणीत रॉसनी आपल्या बंगल्याजवळचे साचलेले पाणी ओतून दिले, तेव्हा डास कमी झाले होते. अधिकाऱ्यांच्या भोजनगृहाजवळच्या पिंपांतले पाणीही ओता, असे त्यांनी सुचवले. निसर्गाच्या व्यवस्थेत ढवळाढवळ नको, असे उत्तर मिळाले! शोध लागल्यावर मात्र रॉस आयुष्यभर हेच सांगत राहिले: औषध द्याच, पण आधी डासांची पैदास थांबवा.

आमच्या विष्णुपुरीत गोदावरी अडवली आहे. ते पाणी आपल्याला जगवते. पण कूलरच्या टाकीत, टायरात, उघड्या हौदात आठवडाभर साचून राहिलेले पाणी डासांना जगवते. ते ओतून द्यायला पलटणीचा हुकूम लागत नाही, आणि आणाही लागत नाही.