कामासाठी स्वतःचे वाहन : संस्थेची जबाबदारी कोठवर?

उमरगा हे सोलापूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावरील तालुक्याचे गाव. हा महामार्ग पूर्वी क्रमांक ९ म्हणून ओळखला जाई, आता तो क्रमांक ६५ आहे. पश्चिमेकडून येणेगूर, पूर्वेकडे तुरोरी आणि पुढे कर्नाटकाची हद्द अशा या पट्ट्यात अवजड मालमोटारी रात्रंदिवस धावत असतात. याच रस्त्याने लहान संस्थांचे कर्मचारीही आपापल्या दुचाकीवरून कामाला जातात. शाळेचा लिपिक बँकेत भरणा करावयास निघतो, दवाखान्यातील परिचारिका खेड्यातील रुग्ण पाहावयास जाते, समाजकार्य केंद्रातील कार्यकर्ती बचत गटाच्या बैठकीला जाते, तर धर्मशिक्षक एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर जातो. संस्थेकडे स्वतःचे वाहन नसते. ‘गाडी तुमची, पेट्रोल आमचे’ एवढ्या तोंडी कबुलीवर वर्षानुवर्षे कारभार चालतो. पेट्रोलचे पैसे दिले की संस्थेची जबाबदारी संपली, हा समज आपल्याकडे फार रुजलेला आहे. तो कायद्यालाही धरून नाही आणि न्यायालाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडलेले आहे. एका साखर कारखान्यातील पहारेकऱ्याची कामाची वेळ पहाटे तीन ते सकाळी अकरा अशी होती. २२ एप्रिल २००३ रोजी तो मोटारसायकलवरून कामावर निघाला. कारखाना सुमारे पाच किलोमीटर उरला असता अपघात होऊन तो मरण पावला. मागे पत्नी, चार मुले व वृद्ध आई राहिली. तेव्हाच्या उस्मानाबाद येथील कामगार नुकसानभरपाई आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये व त्यावर १२ टक्के व्याज मंजूर केले. विमा कंपनीने हरकत घेतली. तो अजून कारखान्यात पोहोचलाच नव्हता, मग अपघात ‘नोकरीच्या ओघात’ झाला असे कसे म्हणावे, असा तिचा प्रश्न होता. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही हरकत मान्य करून आयुक्तांचा आदेश रद्द केला. अखेर २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. मनोज मिश्रा व न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी तो आदेश पुन्हा कायम केला. पहारेकऱ्याच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी! त्याची मुले तोवर मोठीही झाली असतील.

या निकालाचा गाभा नीट समजून घेण्यासारखा आहे. घरून कामावर जाताना किंवा काम आटोपून घरी परतताना झालेला अपघातही नोकरीशी निगडित मानता येईल, मात्र त्यासाठी अपघाताची परिस्थिती, वेळ व ठिकाण यांचा नोकरीशी संबंध सिद्ध व्हावा लागतो. पहाटे तीनच्या पाळीला वेळेवर हजर राहण्यासाठी पहारेकऱ्याला त्या अवेळी रस्त्यावर यावेच लागत होते. तोच मनुष्य सुट्टीच्या दिवशी बाजाराला निघाला असता तर उत्तर वेगळे आले असते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या ‘सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०’ या कायद्यातही हेच तत्त्व आता स्पष्ट शब्दांत आहे.

येथे वाचकांनी एक भेद ध्यानात ठेवावा. वरील प्रकरण केवळ कामावर जाण्या-येण्याचे होते. मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून लिपिक बँकेत जातो तेव्हा तो प्रवास हेच त्याचे काम असते, त्यामुळे संस्थेची जबाबदारी अधिकच ठळक होते. शिवाय त्या प्रवासात त्याच्या चुकीने कोणी जखमी झाल्यास, काम संस्थेचे होते या आधारावर दावेदार संस्थेलाही प्रतिवादी करू शकतो. प्रत्येक पदाला हे कायदे सारखेच लागू होतात असे मात्र नाही. मानधनावरील धर्मशिक्षक व स्वयंसेवक यांचे स्थान तर आणखी नाजूक असते. त्यांच्यासाठी संस्थेने सामूहिक अपघात विमा उतरवणे हाच आम्हास खात्रीचा मार्ग वाटतो.

विम्याच्या कागदाकडे आपण बहुधा दंड चुकविण्याचे साधन म्हणून पाहतो. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये सक्तीचा असलेला विमा हा त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा असतो. दुचाकीवर मागे बसलेल्याला त्या किमान विम्यात संरक्षण मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यासाठी सर्वसमावेशक विमा हवा. म्हणजे ज्या शिक्षकाच्या मागे बसून धर्मभगिनी सभेला जातात, त्याच्याकडे कोणता विमा आहे हे आधी विचारले पाहिजे. वाहनमालकाचा स्वतःचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही असतो, पण तो मालक स्वतः चालवीत असेल तरच उपयोगी पडतो. ‘जरा तुझी गाडी दे, आलोच’ ही आपल्या कार्यालयांतील नित्याची विनंती किती महाग पडू शकते, हे येथे दिसते. उसनी मोटारसायकल चालविणारा मालकाच्याच जागी उभा राहतो व म्हणून त्रयस्थ ठरत नाही, असे २००९ च्या एका निकालात म्हटले आहे. खासगी मोटारीच्या विम्यात भाडे घेऊन प्रवासी नेणे व मालवाहतूक करणे यांना सहसा मनाई असते. शालेय पोषण आहाराची पोती शिक्षकाच्या मोटारीतून आणणे म्हणूनच टाळावे. चालकाकडे वैध परवाना नसल्यास जखमीला दिलेली रक्कम विमा कंपनी पुढे वाहनमालकाकडून वसूल करू शकते.

मग संस्थेने करावे काय? कामासाठी कोण आपले वाहन वापरणार याची लेखी नोंद ठेवावी आणि दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडताना परवाना, नोंदणी, विमा व प्रदूषण तपासणी यांच्या प्रती घ्याव्यात. विम्याची मुदत वर्षाच्या मध्येच संपते, ती तारीख दिनदर्शिकेवर टिपून ठेवणे उत्तम. प्रतिकिलोमीटर भत्ता ठरविताना केवळ पेट्रोल न धरता टायर, दुरुस्ती व सर्वसमावेशक विम्याचा जादा हप्ताही धरावा. तुटपुंज्या भत्त्यात गुळगुळीत टायर बदलला जात नाही, आणि पावसाळ्यात त्याची किंमत चुकवावी लागते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेळेचे नियोजन. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर, दुहेरी ट्रॉल्या व बैलगाड्या संध्याकाळनंतरही रस्त्यावर असतात. अनेकांना मागे दिवा नसतो की लाल पट्टी नसते. अशा महिन्यांत खेड्यातील बैठक सायंकाळी सातला ठेवणाऱ्याने कार्यकर्तीच्या परतीचा विचार केला पाहिजे. बैठक लांबली तर तिने तेथेच मुक्काम करावा किंवा बसने यावे, आणि त्याचा खर्च कुरकुर न करता द्यावा. ती गाडीवर आहे हे ठाऊक असताना पुन्हापुन्हा भ्रमणध्वनी करणारे वरिष्ठही धोका वाढवीत असतात. हेल्मेट चालविणाऱ्यास व मागे बसणाऱ्यास दोघांनाही सक्तीचे आहे. संस्थेने ते विकत घेऊन द्यावे, असे आमचे मत आहे. परमधर्मपीठाच्या स्थलांतरित व प्रवासी यांच्यासाठीच्या परिषदेने १९ जून २००७ रोजी रस्त्यावरील वर्तनाविषयी मार्गदर्शक पत्रक काढून त्यात चालकांसाठी दहा आज्ञाही दिल्या होत्या. आपल्या सभागृहांतून त्यांची आठवण क्वचितच होते.

अपघात झालाच तर प्रथम १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मे २०२५ पासूनच्या केंद्रीय योजनेनुसार नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख रकमेविना मिळू शकतात. जखमीस मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने कायदेशीर संरक्षण दिले आहे, तेव्हा बघ्याची भूमिका घेऊ नये. पोलिसांत नोंद व पंचनामा करून घ्यावा, विमा कंपनीस विनाविलंब कळवावे, आणि त्या दिवशी कर्मचारी कोणाच्या सांगण्यावरून कोठे निघाला होता हे संस्थेने त्याच दिवशी हालचाल नोंदवहीत लिहून सही करावी. मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे दावा सहा महिन्यांच्या आत, तर नोकरीशी निगडित भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा. दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न त्या नोंदवहीबद्दलच विचारला जाण्याचा संभव असतो.