प्रॉक्युरेटर : एका हुद्द्याची चढती कमान



रोमच्या इतिहासावर एका युनियनच्या माणसाने बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माझे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. परंतु हुद्दा या वस्तूशी माझा तीस वर्षांचा संबंध आहे. वाटाघाटीच्या वेळी समोर बसलेल्या गृहस्थांच्या नावाखाली काय लिहिले आहे आणि ते खरोखर कोणाच्या वतीने बोलत आहेत, या दोन गोष्टी पुष्कळदा निरनिराळ्या असतात. त्या ताडून पाहण्याची मला सवय लागली आहे, आणि तीच सवय घेऊन मी या रोमन हुद्द्याकडे पाहत आलो.

मराठी बायबलात येशू ख्रिस्ताला ज्याच्यापुढे उभे केले तो पंतय पिलात 'सुभेदार' म्हणून येतो. शब्द मोठा मार्मिक निवडला आहे. मोगलांच्या अमदानीत सुभेदार म्हणजे सबंध सुभ्याचा अधिपती. मराठेशाहीत मल्हारराव होळकर सुभेदार. पुढे इंग्रजांच्या पलटणीत सुभेदार झाला तो मात्र असा, की त्याच्या हाताखाली शिपाई असत, पण काल विलायतेहून आलेल्या कोवळ्या गोऱ्या लेफ्टनंटालाही त्याला सलाम ठोकावा लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते ते या शेवटच्या अर्थाने. शब्द तोच राहिला आणि शे-दोनशे वर्षांत पुष्कळ पायऱ्या खाली उतरला. रोमन हुद्द्याची वाट नेमकी उलटी आहे. तो घरगड्यांच्या पंक्तीतून उठला आणि प्रांताच्या गादीवर जाऊन बसला.

टॅसिटस या रोमन इतिहासकाराने इ. स. ११६ च्या सुमारास लिहिताना पिलाताला 'प्रॉक्युरेटर' म्हटले. त्याच्या शब्दावर शतकानुशतके सर्वांनी विश्वास ठेवला. १९६१ साली भूमध्य समुद्राच्या काठी कैसरिया येथे अंतोनियो फ्रोव्हा यांच्या इटालियन तुकडीला जुन्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांत बसवलेला चुनखडीचा एक दगड मिळाला. दुसऱ्या एखाद्या इमारतीवरचा लेख असलेला दगड कोणी तरी पायरीला वापरला होता. गवंडी इतिहास जपतात तो असा! त्यावर पिलाताचे नाव आहे आणि खाली हुद्दा आहे. हुद्द्याची सुरुवात फुटली आहे. शेवटची अक्षरे 'एक्तुस' अशी उरली आहेत. 'प्रेफेक्तुस', म्हणजे प्रीफेक्ट, हा शब्द तेथे बसतो. प्रॉक्युरेटर काही केल्या बसत नाही. इ. स. २६ ते ३६ या काळात यहूदियावर अंमल करणाऱ्या माणसाला टॅसिटसने आपल्या काळात रूढ झालेला हुद्दा चिकटवला होता.

एवढ्याशा फरकाला काय महत्त्व, असे कोणी विचारील. प्रीफेक्ट हा 'वर नेमलेला' माणूस. पलटणीवर, किल्ल्यावर, लहानशा मुलखावर. त्या शब्दाला तलवारीचा वास आहे. प्रॉक्युरेटर या शब्दाला हिशेबाच्या वहीचा वास आहे. 'प्रो' म्हणजे वतीने आणि 'कुरा' म्हणजे काळजी. रोममध्ये राहणाऱ्या श्रीमंताची जमीन सिसिलीत आणि आफ्रिकेत; तिची काळजी त्याच्या वतीने वाहणारा तो प्रॉक्युरेटर. वसुली करणे, कुळे लावणे, मालकाच्या गैरहजेरीत कोर्टात उभे राहणे, ही त्याची कामे. पुष्कळदा तो मालकाचाच मुक्त केलेला गुलाम असे. आपण त्याला मुखत्यार म्हणू, दिवाणजी म्हणू. राज्यकारभाराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

मग तो संबंध आला कोठून? इ. स. पूर्व २७ मध्ये ऑगस्टसने प्रांतांची वाटणी केली. काही सेनेटकडे राहिले, काही बादशहाने स्वतःकडे घेतले. परंतु बादशहा हा राज्यकर्ता होता तसाच फार मोठा जमीनमालकही होता, आणि त्याच्या खासगी मिळकती सेनेटच्या प्रांतांतही पसरल्या होत्या. तेथे त्याचे प्रॉक्युरेटर बसले. म्हणजे एकाच शहरात एकीकडे कायदेशीर गव्हर्नर आणि दुसरीकडे बादशहाच्या घरचा कारभारी. लोकांनी कोणाला अधिक भ्यावे? लोक अशा बाबतीत चुकत नाहीत.

इ. स. २३ मध्ये एशिया प्रांताच्या लोकांनी लुसिलियस कॅपिटो नावाच्या प्रॉक्युरेटरवर रोममध्ये फिर्याद नेली. याने सैनिक वापरले, गव्हर्नरसारखे हुकूम सोडले, अशी तक्रार होती. त्या वेळी टायबेरियस बादशहाने स्पष्ट सांगितले, की मी या माणसाला माझ्या गुलामांवर आणि माझ्या खासगी पैशावर अधिकार दिला होता, त्यापलीकडे नाही. कॅपिटोला शिक्षा झाली. टायबेरियसविषयी चांगले बोलणारे इतिहासकार थोडे आहेत. पण या एका उत्तराबद्दल मी त्याला मानतो. त्यानंतर अवघ्या तीस वर्षांनी, इ. स. ५३ मध्ये, क्लॉडियस बादशहाने सेनेटकडून ठराव करून घेतला, की माझ्या प्रॉक्युरेटरांनी दिलेल्या निवाड्यांना माझ्या स्वतःच्या निवाड्यांइतकेच बळ असावे. नाव बदलले नाही. मालक बदलला नाही. पण घरच्या कारभाऱ्याच्या तोंडून आता बादशहा बोलू लागला.

हा कारभारी आम्हां युनियनवाल्यांच्या ओळखीचा आहे. महागाईभत्त्याचा प्रश्न निघाला की तो नम्रपणे म्हणतो, मला अधिकार नाही, वर विचारावे लागेल. एखाद्याला कामावरून काढायचे असले की त्याच संध्याकाळी कागदावर त्याची सही असते.

यहूदियात इ. स. ४४ पासून जे अधिकारी आले ते प्रॉक्युरेटर या नावाने आले. त्यांतला फेलिक्स हा स्वतः मुक्त केलेला गुलाम. त्याचा भाऊ पॅलस क्लॉडियसच्या तिजोरीचे हिशेब पाहत असे. शेवटचा गेसियस फ्लोरस. इ. स. ६६ मध्ये त्याने यरुशलेमच्या मंदिराच्या खजिन्यातून सतरा टॅलंट उचलले. त्यावर तेथल्या काही तरुणांनी काय केले, ते जोसेफसने लिहून ठेवले आहे. त्यांनी टोपली फिरवून या 'गरीब बिचाऱ्या' फ्लोरससाठी भीक मागितली! फ्लोरसला थट्टा सोसली नाही. त्याने वरच्या बाजारपेठेवर शिपाई सोडले. त्यातून बंड पेटले, आणि इ. स. ७० मध्ये मंदिर जळाले तेव्हाच त्याचा कणा मोडला. जोसेफस रोमनांना जाऊन मिळालेला माणूस होता, तरी फ्लोरसला तो माफ करीत नाही.

ब्रिटनमध्येही याच सुमारास हेच घडले. आइसेनी लोकांचा राजा प्रासुटागस वारला, त्याने बादशहाला आपल्या मुलींबरोबर वारस केले होते. प्रॉक्युरेटर केटस डेसियानस याच्या माणसांनी सगळेच लुटले. राणी बौडिका हिला फटके मारले, मुलींची अब्रू घेतली. बंड झाले तेव्हा कामुलोडुनमच्या वसाहतीने मदत मागितली. डेसियानसने सुमारे दोनशे माणसे पाठविली, तीही धड शस्त्रे नसलेली, आणि स्वतः गॉलमध्ये पळून गेला. मात्र त्याच्या जागी आलेला ज्यूलियस क्लासिसियानस निराळा निघाला. बंड मोडल्यावर गव्हर्नर सूड घेत सुटला होता. याने रोमला कळविले, की हा माणूस बदलल्याखेरीज शांतता होणार नाही. टॅसिटस त्याला गव्हर्नरचा हेवेदावे करणारा शत्रू म्हणतो. मला तसे वाटत नाही. जळलेल्या गावातून कर निघत नाही, हे हिशेब ठेवणाऱ्याला लवकर समजते, आणि कधी कधी माणुसकी त्याही दाराने आत येते. त्याच्या थडग्याचे दगड लंडनमध्ये १८५२ आणि १९३५ साली सापडले. ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांवर त्याचा हुद्दा स्पष्ट कोरलेला आहे.

दुसऱ्या शतकापर्यंत या हुद्द्याच्या श्रेणी पगारावरून ठरल्या : साठ हजार सेस्टर्स, एक लाख, दोन लाख. साध्या रोमन शिपायाला तेव्हा सालीना १२०० सेस्टर्स मिळत. म्हणजे सर्वांत खालच्या प्रॉक्युरेटरचा एका वर्षाचा पगार हा शिपायाचा पन्नास वर्षांचा. आणि ही श्रेणीच त्याच्या नावापुढे लागे, साठहजारी, लाखी. आपल्याकडे पंचहजारी मनसबदार असत तसे.

आता ज्यासाठी मी हा विषय निवडला ती हकीकत. आजच्या ट्युनिशियात सूक-एल-खमीस येथे १८७९ साली एक शिलालेख मिळाला. बादशहाच्या मालकीची तेथे मोठी शेती होती, बुरुनिटानस नावाची. ती मक्त्याने दिलेली असे, आणि मक्तेदाराच्या हाताखाली कुळे राबत. हेड्रियन बादशहाच्या कायद्याने कुळांकडून वर्षाला सहा दिवसांची वेठ घ्यावयाची होती : दोन दिवस नांगरणीला, दोन खुरपणीला, दोन कापणीला. मक्तेदार अलियस मॅक्सिमस जास्त घेऊ लागला. कुळांनी प्रॉक्युरेटरकडे दाद मागितली. पण तो मक्तेदाराला सामील झालेला. त्याने शिपाई पाठविले. काहींना बांधले, काहींना छळले, आणि जे रोमन नागरिक होते त्यांनाही छड्या मारल्या. नागरिकाला असे मारणे कायद्याने गुन्हा होता. तेव्हा इ. स. १८० च्या सुमारास कुळांनी थेट कॉमोडस बादशहाला अर्ज केला. आम्ही हाताने राबून पोट भरणारी खेडवळ माणसे. मक्तेदार पैसा चारतो आणि प्रत्येक नव्या प्रॉक्युरेटरशी त्याची ओळख असते, आमची नसते. आमच्या अटी तर ब्राँझवर कोरलेल्या आहेत, त्या पाळल्या जाव्यात. असा त्याचा आशय आहे.

मी आयुष्यात पुष्कळ अर्ज लिहिले आहेत. यापेक्षा चांगला मला लिहिता आला नसता. दया मागितली आहे, पण तिच्याआड नेमके कलम आहे, दिवसांचा आकडा आहे, जुना दाखला आहे. आणि अर्ज कोणाविरुद्ध? ज्याच्या नावाचा अर्थच 'काळजी वाहणारा' त्याच्याविरुद्ध. काळजी कोणाची, हे त्या कुळांनी ओळखले होते.

उत्तर आले. कॉमोडस हा आखाड्यात उतरून ग्लॅडिएटरांशी लढणारा, इतिहासात बदनाम झालेला बादशहा. पण त्याच्या कचेरीतून निघालेला निकाल कुळांच्या बाजूचा आहे. तिनदा दोन दिवसांहून अधिक काम माझे प्रॉक्युरेटर तुमच्याकडून घेणार नाहीत. निकाल ल्युरियस ल्युकलस आणि इतर यांच्या नावाने आहे. कुळांनी आपल्यापैकी कोणाला तरी पुढे केले होते, असे त्यावरून दिसते. त्यांनी अर्ज आणि उत्तर दोन्ही दगडावर कोरून शेतावर उभे केले. पुढचा प्रॉक्युरेटर आला की त्याला वाचता यावे म्हणून.

रोमचे साम्राज्य ढासळले, पण शब्द उरला, आणि निरनिराळ्या घरी जाऊन निरनिराळा झाला. इंग्लंडात त्याचा 'प्रॉक्टर' झाला. ऑक्सफर्डमध्ये तो विद्यार्थ्यांच्या शिस्तीवर नजर ठेवी. कंपनीच्या सभेला आपण 'प्रॉक्सी' पाठवितो तीही त्याच कुळातली. फ्रान्समध्ये तो सरकारी फिर्यादी झाला, स्कॉटलंडमध्येही. १७२२ साली रशियाच्या पीटर झारने मुख्य प्रोकुरोर नेमला, तो झारचा डोळा म्हणून, अंमलदारांवर पाळत ठेवण्यासाठी. पोर्तुगीजांबरोबर हाच शब्द आपल्या शेजारी गोव्यातही उतरला. तेथल्या गावकऱ्यांच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या कोमुनिदादीच्या कमिटीत अध्यक्ष आणि खजिनदार यांच्याबरोबर 'प्रोकुरादोर' असतो. हल्लीच्या इंग्रजी कागदांत त्याला 'अ‍ॅटर्नी' लिहितात. जमिनीचा तंटा कोर्टात गेला म्हणजे गावाच्या वतीने तो उभा राहतो, आणि त्याला निवडून देतात ते गावकार.