‘डबीर’ : एका आडनांवाचें कूळ

प्रवरेकांठच्या बेलापुरांतून निघून अन्यत्र स्थायिक झालेल्या कुटुंबास ‘बेलापूरकर’ म्हणूं लागले, तर त्याचा अर्थ कोणास विचारावा लागत नाहीं. कुलकर्णी म्हटलें कीं गांवचें दप्तर डोळ्यांपुढें येतें. देशमुख म्हटलें कीं परगण्याचें वतन. ‘डबीर’ या आडनांवाचें मात्र तसें नाहीं. तें कानीं पडतांच डबीची आठवण व्हावी. परंतु डबीशीं त्याचा सुतराम् संबंध नाहीं.

डबीर म्हणजे लेखक; पुढें, परराज्यांशीं चालणारा पत्रव्यवहार ज्याच्या हातीं असे तो अधिकारी. बेलापूरचा मुलूख ज्या निजामशाहींत मोडत होता ती १४९० सालीं स्थापन झाली व १६३६ सालीं बुडाली. अशा सुलतानी दरबारांतूनच फारसी ‘दबीर’ दक्षिणेंत रुळला. शहाजीराजांनीं बाल शिवाजीराजांसमवेत जी अनुभवी माणसें दिलीं, त्यांत सभासदाच्या बखरींत सोनोपंत डबीर यांचें नांव आहे.

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास हुद्द्यांचीं नांवें पालटलीं. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री आणि डबिराचा सुमंत. रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राजव्यवहारकोशही सिद्ध झाला. स्वराज्याचा कारभार स्वभाषेंत चालावा हा हेतु थोर होता, यांत शंका नाहीं.

पण इतर शब्दांचें कांहीं असो, डबीर हा केवळ सुलतानांबरोबर आलेला पाहुणा नव्हे. वलभीच्या मैत्रक राजांच्या सातव्या शतकांतील ताम्रपटांत ‘दिविरपति’ हा अधिकारी भेटतो. अकराव्या शतकांतील काश्मीरच्या क्षेमेंद्रानें तर लांचखाऊ ‘दिविरां’ची यथेच्छ टवाळी केली आहे. (आजच्या कारकुनांनीं रागावूं नये!) म्हणजे इराणांतला हा शब्द शिवकालाच्या कितीतरी आधीं संस्कृतांत येऊन बसला होता. त्याचें मूळ आणखी मागें जातें. सुमेर देशांत लिहिण्याच्या मातीच्या पाटीस ‘दुब’ म्हणत. अक्कदी व एलामी भाषांच्या वाटेनें तो शब्द प्राचीन फारसींत ‘दिपि’, म्हणजे लेख, या रूपानें आला आणि त्यापासून लेखकाचें नांव घडलें. अशोकाच्या शाहबाजगढी येथील शिलालेखांत ‘दिपि’ असेंच रूप आहे. अन्यत्र त्याच जागीं ‘लिपि’ आहे. विद्वानांच्या मतें हीं दोन्ही रूपें एकाच शब्दाचीं. तेव्हां शाळेंतल्या मुलाच्या तोंडची लिपि आणि हा डबीर एकाच कुळांतले ठरतात.

स्कॉटलंडांतही असेंच घडलें आहे. तेथें न्यायालयाची शिक्षा मोठ्यानें उच्चारून सांगणाऱ्यास ‘डेम्प्स्टर’ म्हणत. तें पद गेलें, आडनांव उरलें. राजाज्ञेनें दप्तरांतला शब्द बदलतो, पण घराणीं जुनें नांव सोडीत नाहींत. आपल्याकडे डबीर हें आडनांव आहे आणि सुमंत हेंही आहे. एकाच वाड्यांत हीं दोन कुटुंबें शेजारीं राहत असलीं, तरी आपलीं नांवें एकाच कचेरीचीं आहेत हें बहुधा दोघांच्याही ध्यानीं येत नसेल.