१८७० ची भिंत

अमेरिकेत आपले पूर्वज शोधणाऱ्यांचा मोठा आधार म्हणजे दर दहा वर्षांनी होणारी जनगणना. १८५० पासून तिच्यात प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहिले जाऊ लागले. गुलामांचे मात्र नाही! १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत नाव मालकाचे. त्याखाली गुलामांचे बहुधा फक्त वय, लिंग आणि वर्ण. म्हणून गुलामांच्या वंशजांचा शोध अनेकदा १८७० च्या जनगणनेपाशी अडतो. गुलामी संपल्यानंतरची ती पहिली जनगणना.

त्यामागे जायचे कसे? एक वाट मालकांच्या मृत्युपत्रांतून जाते. तिथे मालमत्तेच्या यादीत गुराढोरांशेजारी माणसांची नावे सापडतात. दुसरी वाट एका बँकेची. १८६५ मध्ये मुक्त झालेल्या गुलामांसाठी ‘फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक’ निघाली. खातेदाराची ओळख पटावी म्हणून आईवडील, भावंडे, मुले, कधी जुना मालक, अशी नावे तिथे लिहून घेत. १८७४ मध्ये बँक बुडाली आणि हजारोंची कष्टाची पुंजी गेली. पण अनेक शाखांच्या वह्या राष्ट्रीय अभिलेखागारात टिकल्या. ठेवीदारांचा पैसा बुडाला. त्यांच्या वंशजांना मात्र त्याच वह्यांत पणजोबांच्या आईचे नाव सापडू शकते.