कूड, कारवी आणि ‘कच्चे’ घर : पालघर परिसरातील स्वस्त व निसर्गानुकूल घरबांधणीचा इतिहास

प्रस्तावना :
कमी खर्चात, स्वतःच्या हातांनी बांधलेले आणि यंत्राच्या साहाय्याशिवाय उन्हाळ्यात गार व हिवाळ्यात उबदार राहणारे घर ही कल्पना ऊर्जाटंचाई व हवामानबदलाच्या चर्चेमुळे पुन्हा पुढे आली आहे. पाश्चात्त्य देशांत जमिनीत अर्धवट दडलेले, मातीने आच्छादलेले घर हे तिचे एक रूप मानले जाते. महाराष्ट्रात मातीच्या घराची परंपरा जुनी असून तिचे रूप प्रदेशागणिक बदलते. प्रस्तुत निबंधात पालघर व बोईसर-तारापूर परिसरातील कुडाच्या घराचा विचार केला आहे. हे घर स्वस्त होते ते जंगलातील साहित्य आणि शेजाऱ्यांचे श्रम यांच्या बळावर. हे दोन्ही आधार सुटल्यामुळे ते मागे पडले, असे येथे प्रतिपादन केले आहे.

दोन हवामाने, दोन घरे :
मराठवाडा, खानदेश व विदर्भातील धाब्याचे घर हे मातीने आच्छादलेल्या घराचे महाराष्ट्रातील जवळचे उदाहरण होय. जाड भिंती आणि लाकडी तुळयांवर पसरलेला पांढऱ्या मातीचा थर दिवसाची उष्णता शोषून घेतात व ती काही तासांनी सावकाश आत सोडतात. दिवस-रात्रीच्या तापमानात मोठे अंतर असलेल्या कोरड्या प्रदेशात हा गुण उपयोगी पडतो.

पालघरच्या किनारपट्टीवर परिस्थिती वेगळी आहे. येथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तोही बहुतांशी चार महिन्यांत. हवा दमट असते. दिवस-रात्रीच्या तापमानातील फरक तुलनेने कमी असतो. अशा ठिकाणी जमिनीत उतरणारे घर पाण्याने भरेल आणि जाड भिंत ओल धरून ठेवील. म्हणून येथील घर जोत्यावर उचललेले, उतरत्या छपराचे आणि वारा खेळता ठेवणारे झाले.

कुडाच्या घराची रचना :
वारली व या भागातील इतर आदिवासी समाजांच्या घरात लाकडी मेढी, आढे व वासे यांचा सांगाडा उभा केला जातो. भिंतीसाठी कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी रोवून बांबूच्या कामट्यांनी आवळतात, हाच कूड. त्यावर माती व शेणाचा लेप देतात. सात-आठ वर्षांनी एकदा फुलून वाळणारी कारवी सह्याद्रीच्या उतारांवर विपुल असते. छपरासाठी पेंढा, गवत किंवा पाने आणि पुढे कौले वापरली गेली. पुढे आलेले छप्पर भिंतीला पावसापासून व उन्हापासून राखते. कुडाच्या फटींतून आणि छपराखालच्या मोकळ्या जागेतून हवा फिरते. चुलीचा धूर छपरातील किडीला आवर घालतो.

या भिंतीला दरवर्षी सारवावे लागते. लग्नप्रसंगी सुवासिनी याच भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत आणि त्यात पालघाट देवी विराजमान होई. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांच्या हातून ही चित्रशैली १९७०च्या दशकात कागदावर आली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्राला जगभर मान्यता मिळत असताना ज्या भिंतीवर ते जन्मले ती भिंत मात्र विरळ होत गेली.

ऱ्हासाची कारणे :
पहिले कारण जंगलाशी निगडित आहे. १८७८ व १९२७च्या वन कायद्यांनी राखीव वनांतील लाकूड, बांबू व अन्य उपज यांवर सरकारी नियंत्रण आणले. घराचे साहित्य अशा रीतीने हक्काऐवजी सवलतीचा विषय झाले.

दुसरे कारण जमिनीचे. वेठबिगार व लग्नगडी पद्धतीत अडकलेल्या आदिवासी कुळाला पायाखालच्या जमिनीची शाश्वती नव्हती. गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली १९४५ मध्ये झालेल्या वारल्यांच्या उठावाने या पद्धतीला हादरा दिला आणि १९४८च्या कूळकायद्याने कुळांना संरक्षण दिले. हलके, सहज उभारता येणारे घर ही निसर्गाशी जुळवणूक होती, तशीच ती असुरक्षिततेचीही खूण होती, हे विसरता येत नाही.

तिसरे कारण औद्योगिकीकरण. तारापूर अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले आणि पुढे बोईसर परिसरात औद्योगिक वसाहत वाढली. केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे विस्थापित झाली. मजुरी करणाऱ्या कुटुंबाला दरवर्षी कूड दुरुस्त करण्यासाठी व शेजाऱ्याच्या घरावर राबण्यासाठी सवड उरली नाही. ज्या घराची किंमत श्रमात मोजली जात होती, ते आता पैशांत महाग पडू लागले.

‘कच्चे’ या शब्दाचे राजकारण :
इंदिरा आवास योजना १९८५ मध्ये सुरू झाली. २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण हिने घेतली. कच्च्या भिंती व कच्चे छप्पर हा पात्रतेचा निकष ठरल्याने मातीची भिंत म्हणजे वंचितता, असे समीकरण कागदोपत्री पक्के झाले.

माती असुरक्षित असल्याची भावना ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपाने दृढ केली. त्यात सुमारे आठ हजार माणसे दगावली. तथापि तेथे घातक ठरल्या त्या चिखलात रचलेल्या जड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीचे अवजड छप्पर. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा तेथेही घरांच्या भिंतींना तडे गेले. कारवीचा कूड वजनाला हलका व लवचिक असतो. नीट बांधलेल्या सांगाड्यावर तो धक्का सोसू शकतो. ‘कच्चे’ हा एकच शब्द या दोन रचनांतील फरक पुसून टाकतो.

समारोप :
कुडाच्या घराला वाळवी, आग आणि सततची डागडुजी यांच्या मर्यादा आहेत. सारवणाचे कष्ट मुख्यतः स्त्रियांच्या वाट्याला येतात. त्यामुळे पक्क्या घराची इच्छा धरणाऱ्या कुटुंबाला परंपरेचा उपदेश करणे अनुचित ठरेल. इजिप्तमध्ये हसन फतही यांनी १९४०च्या दशकात मातीचे सुंदर ‘न्यू गोर्ना’ गाव रचले, पण ज्यांच्यासाठी ते रचले त्यांनीच तेथे जाण्यास विरोध केला. केरळात लॉरी बेकर (१९१७-२००७) यांनी स्थानिक साहित्य व कारागिरीला आधुनिक बांधकामात प्रतिष्ठा मिळवून दिली.

पालघरमध्ये मजबूत जोते, टिकाऊ सांगाडा व कौले यांसह सुधारित कुडाच्या भिंतीचा पर्याय घरकुल योजनेत देता येईल. २००६च्या वनहक्क कायद्याने लाकडाव्यतिरिक्तच्या वनोपजावर ग्रामस्थांचा हक्क मान्य केला आहे. त्याची अंमलबजावणी ही या पर्यायाची पूर्वअट आहे. घर कोणते हवे, हे ठरविण्याचा अधिकार मात्र त्यात राहणाऱ्यांकडेच असला पाहिजे.